नेफ्यात अडकलेली नाडी

दसरा आठ दिवसांवर आला होता आणि माझ्यापुढे कटिंगच्या टेबलावर येवल्याच्या पैठणीचा ब्लाऊजपीस पसरलेला होता. काठ बाहीला घ्यायचा की पाठीला, यावर गिऱ्हाईक आणि तिच्या आईचं पाव तास एकमत होत नव्हतं. शेवटी बाहीला ठरलं. मी खडूची रेघ मारली, कात्री चालवली, बाही सुटी झाली. कात्री मात्र हातातून सुटेना. उजव्या हाताचं करंगळीशेजारचं बोट कात्रीच्या कड्यात वाकलं होतं ते वाकलेलंच राहिलं. मी पापणी न हलवता तशीच उभी. गिऱ्हाइकाचा चेहरा पांढरा पडला. ‘काय झालं ताई, चुकलं का काही?’

तिला पैठणीची काळजी, मला बोटाची. डाव्या हाताने बोट धरून सरळ केलं, तेव्हा टक् असा आवाज झाला आणि मनगटापर्यंत कळ गेली. तो आवाज त्या दोघींनाही ऐकू आला. ‘कात्रीचा स्क्रू सैल झालाय,’ मी म्हटलं. धंद्यात असं थोडं खोटं बोलावं लागतं.

खरं तर हे श्रावणापासून चालू होतं. सकाळी उठलं की ते एक बोट मुठीत मिटलेलं असायचं, बाकीची मोकळी. गरम पाण्याखाली धरून हळूहळू उघडायचं, दोनचार वेळा टकटक करायचं आणि दहा वाजेपर्यंत सुरळीत व्हायचं. जे दहा वाजता बरं होतं त्याला आपण दुखणं म्हणत नाही. पंचवटीत मी सव्वीस वर्षं ब्लाऊज शिवते आहे. एरवी दिवसाला पाच-सहा, सणावारी आठ-दहा. कंबर, मान, डोळे हे सगळे आळीपाळीने तक्रार करतात, त्यात बोटाचा नंबर कधी लागलाच नव्हता. शिवाय नऊ वर्षांची साखर आहे, पण तिचा आणि बोटाचा काही संबंध असेल हे डोक्यात आलं नाही.

मग घरोघरी होतात ते उपाय झाले. सासूबाईंनी तिळाचं तेल कोमट करून चोळलं. यांनी ‘वात आहे’ असं जाहीर केलं आणि संध्याकाळचा भात बंद करायला लावला, बोटासाठी. शेजारणीच्या सांगण्यावरून मी हाडं बसवणाऱ्या एकाकडे गेले. त्याने बोट बघितलं, ‘नस चढलीय’ म्हणाला आणि मला काही कळायच्या आत असं काही ओढलं, की डोळ्यांपुढे काजवे चमकले. दोन दिवस बोट भेंडीसारखं ताठ आणि सुजलेलं. त्याच्या हाताला गुण असेलही, मुरगळलेल्या पायाला असेल. माझ्या बोटात बसवायला काही निखळलेलंच नव्हतं, हे नंतर कळलं.

एक्स-रेसुद्धा काढला. मधल्या पेराचा, कारण दुखायचं तिथेच, अडकायचं तिथेच. एक्स-रे स्वच्छ. मी तर खूश झाले आणि दिवाळीच्या ऑर्डरी घेत सुटले.

आमच्या फॅमिली डॉक्टरांनी मात्र बोट एकदा मिटायला आणि उघडायला लावलं आणि लगेच चिठ्ठी लिहिली. होळकर पूल ओलांडून, अशोक स्तंभावरून गंगापूर रोडला एका हाडांच्या डॉक्टरांकडे गेले. ते हाताचीच जास्त कामं करतात असं ऐकलं होतं. त्यांनी माझा एक्स-रे पाकिटातून बाहेरसुद्धा काढला नाही. माझा तळवा उलटा करून, बोटाच्या मुळाशी, तळव्याच्या वरच्या रेषेजवळ अंगठ्याने दाबलं. मी खुर्चीतून उठलेच.

‘दुखतं तिथे दुखणं नाही,’ ते म्हणाले, ‘ते इथे आहे. आता मिटा.’ त्यांच्या अंगठ्याखाली काहीतरी मसुराच्या दाण्याएवढं सरकलं, अडलं आणि टक् करून पुढे गेलं. मग माझ्याच डाव्या अंगठ्याने तिथे दाबायला लावलं. सव्वीस वर्षं ज्या हातावर जगले, त्यात हा दाणा कधी आला, मला पत्ता नाही.

त्याचं नाव ट्रिगर फिंगर. बंदुकीचा घोडा ओढताना बोट जसं वाकतं आणि सुटतं, तसं. डॉक्टर समजावू लागले, की बोट वाकवणारे स्नायू हातात कोपराच्या बाजूला असतात, बोटापर्यंत त्यांच्या दोऱ्या येतात, आणि त्या दोऱ्या हाडाला चिकटून राहाव्यात म्हणून वाटेत कडी असतात. वयाने, कामाने, साखरेने पहिलं कडं जाड होतं, दोरीला गाठ येते…

‘म्हणजे नेफ्यात नाडी अडकली,’ मी म्हटलं.

ते थांबले. मी सांगितलं, की परकराच्या नाडीला मध्येच गाठ पडली आणि नेफ्याचं तोंड अरुंद शिवलं गेलं, की गाठ तोंडाशी येऊन अडते. जोर केला की फट्दिशी आत जाते आणि मग बाहेर येत नाही. डॉक्टर हसले. म्हणाले, ‘आता मी सगळ्यांना असंच सांगणार.’ सांगतात की नाही माहीत नाही, पण त्या दिवशी मला माझं दुखणं पहिल्यांदा कळलं. वाकवणारे स्नायू दांडगे, ते गाठ ओढून आत नेतात. सरळ करणारे त्या मानाने दुबळे, त्यांना ती परत काढता येत नाही. म्हणून बोट मिटतं आणि मिटलेलंच राहतं.

एका बोटाला अशी मुख्य पाच कडी असतात, ए-१ ते ए-५. अडचण करतं ते जवळजवळ नेहमी पहिलं, तळव्यातलं. ते कापलं तरी बोटाचं बिघडत नाही. पण त्याच्या पुढचं, ए-२, ते कापायचं नाही. कापलं तर दोरी हाडापासून सुटून धनुष्याच्या दोरीसारखी वर उचलते. मी मनात पँटीच्या पट्ट्याचे लुप आणले. एक लुप उसवला तर पट्टा जागेवर राहतो, महत्त्वाचा लुप गेला की पट्टा फुगून बाहेर येतो. शिवणकामातलं मला समजतं, त्यामुळे पुढचं सगळं मी त्याच भाषेत ऐकलं.

त्यांनी हेही सांगितलं, की पन्नाशीच्या आसपासच्या बायकांना हे जास्त होतं, साखर असलेल्यांना आणखी जास्त, आणि अंगठा व करंगळीशेजारचं बोट यांत सगळ्यात जास्त. मी तिन्हीत बसले. तीन महिन्यांची सरासरी साखर तपासली तर ८.२ टक्के निघाली. त्यावरून बोलणी खाल्ली ती वेगळीच.

ऑपरेशनचं नाव त्या दिवशी कुणी काढलं नाही. रात्री बोट सरळ ठेवायची छोटी पट्टी दिली, जाड कापडाचं कटिंग बंद करायला सांगितलं. ते मी आठवडाभर पाळलं. दसऱ्यानंतर बोटाच्या मुळाशी स्टेरॉइडचं इंजेक्शन घेतलं. आधीच सांगितलं होतं, की काही दिवस साखर वर जाईल, घरी मशीनवर बघत राहा. एरवी उपाशीपोटी १३०च्या आसपास असते, दुसऱ्या दिवशी सकाळी २१५. घाबरून फोन केला. ‘हेच सांगितलं होतं ना,’ म्हणाले. पाचव्या दिवशी खाली आली. आणि बोट? बोटाने आठ दिवसांत ऐकलं. दिवाळीचे सगळे ब्लाऊज वेळेवर गेले, त्या पैठणीसकट. एकीकडे इंजेक्शनने माझी दिवाळी वाचवली, दुसरीकडे बरं झालं असं समजून मी पुन्हा दिवसाला दहा-दहा कापू लागले.

संक्रांतीला तिळाचे लाडू वळताना बोट पुन्हा अडकलं. पाक गार होत चाललेला, परातीत अर्धं मिश्रण आणि माझ्या मुठीत एक लाडू, जो मला सोडता येईना. सासूबाईंनी बोटं उघडून लाडू काढला आणि खाल्ला. ‘बांधलाय छान,’ म्हणाल्या.

परत गंगापूर रोड. या वेळी डॉक्टरांनी तीन वाटा मांडल्या. दुसरं इंजेक्शन देता येतं, पण साखर असलेल्यांना इंजेक्शनचा गुण कमी येतो आणि गेलेलं दुखणं परत येण्याची शक्यता जास्त, शिवाय साखर पुन्हा चढणार. दुसरी वाट म्हणजे तळव्याला एक-दीड सेंटिमीटरचा छेद देऊन, कडं डोळ्यांनी बघून कापायचं, दोन-तीन टाके, ते दहा-बारा दिवसांनी काढायचे. तिसरी म्हणजे छेद न देता, जाड इंजेक्शनच्या सुईनेच कडं आतल्या आत कापायचं. आमच्याकडे याला बिनटाक्याचं ऑपरेशन म्हणतात, मग ते कशाचंही असो.

पुण्याची लेक फोनवर म्हणाली, ‘आई, डोळ्यांनी बघून करतात ते करून घे. आत सुई फिरवणार आणि दिसणार काही नाही, हे काय?’ तिचं चुकीचं नव्हतं. डॉक्टरांनीही लपवलं नाही. बोटाच्या दोन्ही बाजूंनी नसा जातात, सुई मधली वाट सोडून सरकली तर त्यांना इजा होऊ शकते. कडं अर्धवट कापलं जाऊ शकतं. दोरीवर ओरखडा येऊ शकतो. म्हणून ते सोनोग्राफी लावून करतात. मी विचारलं, की हाच प्रकार अंगठ्याला असता तर? त्यावर ते पटकन म्हणाले, ‘अंगठा असता तर मी उघडूनच केलं असतं.’ अंगठ्याची एक नस त्या कड्याच्या अगदी जवळून तिरकी जाते म्हणे. मधलं बोट आणि त्याच्या शेजारचं, ही सुईला त्यातल्या त्यात सोपी. कुठे नाही म्हणायचं हे ज्याला माहीत आहे त्याच्या हातात हात द्यायला हरकत नाही, असं मला वाटलं. दुसरं कारण साधं होतं. एप्रिल-मेची लग्नसराई तोंडावर आली होती. आणि तिसरं कारण मी कुणाला सांगितलं नाही. सुईच्या टोकाने खालचं कापड न फाटता टाका उसवता येतो हे मी रोज बघते. माझा विश्वास कात्रीपेक्षा सुईवर जास्त आहे.

आधी साखर खाली आणा, मग तारीख देतो, असं ठरलं. रोज पहाटे गोदाघाटावर चालले, चहातली साखर सोडली, आणि होळीच्या आधीच्या आठवड्यात ७.४ दाखवली तेव्हा तारीख मिळाली.

त्या दिवशी उपाशी राहायला लागलं नाही, हे पहिलं आश्चर्य. नाश्ता करून, गोळ्या घेऊन गेले. बांगड्या आणि अंगठी घरीच काढून ठेवली होती, अंगठी निघायला साबण लागला. हात पिवळसर-तपकिरी औषधाने पुसला. तळव्यावर पेनने खुणा केल्या, मधोमध एक रेघ आणि आडव्या दोन. मापं घेतल्यासारख्या. बोटाखाली टॉवेलची घडी ठेवून बोट मागे झुकवलं, म्हणजे दोरी वर येते आणि नसा-रक्तवाहिन्या खाली राहतात.

मग भूल. सगळ्या प्रकारात खरं दुखलं ते हेच. तळव्याची कातडी जाड, त्यात औषध शिरताना जाळ लागल्यासारखं होतं. दहा आकडे मोजले तेवढाच वेळ, पण मोजताना मी सातावर अडखळले. नंतर तळवा दुसऱ्याच कुणाचा असावा तसा बधिर. बोट हलवता येत होतं, फक्त कळत नव्हतं. पूर्ण भूल का देत नाहीत हे मी विचारलं होतं, त्याचं उत्तर पुढे मिळालं.

ट्रेमधली सुई दिसली. ‘किती नंबरची?’ मी विचारलं. ‘१८.’

आता इथे मला थोडं थांबून सांगितलंच पाहिजे. आमच्याकडे नंबर वाढला की सुई जाड होते. ब्लाऊजला १४, जरा दणकट कापडाला १६, जीन्सला १८. डॉक्टरांकडे नेमकं उलटं, नंबर वाढला की सुई बारीक. इन्सुलिनची सुई तिशीच्या पुढची. मी विचारलं तर सिस्टर म्हणाल्या, त्यांची १८ नंबरची साधारण सव्वा मिलिमीटर. माझी जीन्सची १८ नंबरची १.१ मिलिमीटर. उलट्या बाजूंनी चालत येऊन दोन्ही धंदे १८वर एकमेकांना भेटले, हे तिथे झोपल्या झोपल्या मला फार गमतीचं वाटलं. सिस्टरना वाटलं नाही.

पडद्यावर सोनोग्राफीत पांढऱ्या-काळ्या रेघा दिसत होत्या. ‘बोट हलवा,’ म्हटल्यावर त्यातला एक पट्टा मागे-पुढे सरकायचा. ती माझी नाडी. तिच्यावर एक जाड काळपट पट्टी, तो नेफा. सुई शिरली तेव्हा फक्त दाब कळला. डॉक्टर सुईचं तिरपं धारदार टोक दोरीच्या दिशेने, बोटाच्या लांबीने पुढे-मागे करत होते. आडवं अजिबात नाही. आणि मग आवाज आला. कर्र, कर्र. कॉलरचं बकरम कापताना येतो तसा. कानाने ऐकला की हाडातून, सांगता यायचं नाही.

तो आवाज थांबला की काम झालं, असं त्यांनी सांगून ठेवलं होतं. थांबला. ‘मिटा.’ मिटलं. ‘उघडा.’ उघडलं, पण शेवटाला बारीकसा अडथळा लागला. टक् नव्हे, अर्धा टक्. मी म्हटलं, ‘एक टाका राहिलाय.’ पडद्यावर बघून त्यांनी मान डोलावली आणि पुन्हा सुई घातली. कर्र. एकदाच. ‘आता?’ मिटलं, उघडलं, मिटलं, उघडलं. श्रावणापासून पहिल्यांदा ते बोट बाकीच्या तिघांबरोबर गेलं आणि त्यांच्याबरोबर परत आलं. पूर्ण भूल दिली असती तर तो राहिलेला टाका सांगायला मी जागी नसते.

सुई शिरल्यापासून पट्टी चिकटेपर्यंत पंधरा मिनिटंही गेली नसावीत. टाका नाही, प्लॅस्टर नाही, एक लहानशी चिकटपट्टी. हात पुसता पुसता डॉक्टरांनी सांगितलं, की या दुखण्याची नोंद पहिल्यांदा १८५० मध्ये नोटा नावाच्या फ्रेंच डॉक्टरने केली, म्हणून त्या दाण्याला नोटाची गाठ असंही म्हणतात. मी म्हटलं, नोटांची गाठ माझ्या हाताला लागली ती अशी! आणि कातडी न उघडता हे कडं कापण्याची पद्धत १९५८ मध्येच लिहिली गेली होती. म्हणजे माझ्या जन्माच्या आधी. बाहेर यांनी बिल भरलं. किती, ते लिहीत नाही, कारण दवाखान्यागणिक वेगळं असणार. माझ्या हिशेबाने सणातल्या दोन दिवसांचे अस्तराचे ब्लाऊज.

रिक्षात बसल्या बसल्या बोटं हलवायला सुरुवात करायची होती, ती केली. बोट जपून बांधून ठेवलं तर आत चिकटतं. भूल संध्याकाळी उतरली आणि तळवा ठणकला, साध्या गोळीने थांबला. दोन दिवस हात पाण्यात घातला नाही. जखम म्हणाल तर तिसऱ्या दिवशी सुई टोचल्याचा ठिपका तेवढा. पण ‘ठिपक्याएवढं ऑपरेशन, दुसऱ्या दिवशी कामावर’ असं जे कुणी सांगतं त्यावर विश्वास ठेवू नका. तळव्यातला तो भाग पुढे तीन-चार आठवडे दुखरा होता. दाराची कडी, कुकरचं झाकण, पिळायचं कापड, जिथे जिथे त्या जागेवर दाब येई तिथे कळ. आणि अडकणं गेलं तरी मधलं पेर सकाळी आखडायचं. इतके महिने वाकून राहिलेलं सांध्याला एका दिवसात विसरता येत नाही. कोमट पाण्यात हात धरून रोज तीन वेळा बोट सरळ ताणायचं, मग पूर्ण मूठ करायची. ते अजून करते.

रंगपंचमीला आमच्या शनी चौकातल्या रहाडीत, म्हणजे रंगाच्या हौदात, लोक धप्पा मारत होते आणि मी या वर्षी उजवा हात पदराखाली धरून लांबूनच बघत होते. डॉक्टरांनी मनाई केली नव्हती, मलाच धीर झाला नाही.

कात्री तिसऱ्या आठवड्यात धरली. तीच, जुनी, सासूबाईंच्या वेळची भरीव लोखंडी. पण तिच्या कड्यांना सुती पट्टी गुंडाळून घेतली, म्हणजे बोटाच्या मुळाशी लोखंड रुतत नाही. अस्तराचं थर-थर कटिंग आता मदतनीस करते, मी खडू मारून देते. अर्ध्या तासाने कात्री खाली ठेवून मूठ उघड-मीट करते, गिऱ्हाइकांना वाटतं मी पैसे मोजतेय. साखर मात्र पुन्हा ७.८ आहे. लग्नाचे लाडू घरी येतात, काय करणार.

परवा सिन्नरहून थोरल्या नणंदबाई आल्या होत्या. पोळ्या लाटताना अंगठा धरून बसल्या. म्हणाल्या, ‘या पेरात वात भरलाय गं, रोज सकाळी तेल लावते.’ मी पोळपाट बाजूला सारला, त्यांचा हात उलटा केला आणि अंगठ्याच्या मुळाशी, तळव्याच्या बाजूने, माझा अंगठा टेकवून दाबलं.

‘आई गं!’

‘वन्सं, आता मिटा बघू.’